ढोल्याला आता चावता येत नाही

९ फेब्रुवारी, रविवार

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र मंगळवारी मिळालं. लगेच उत्तर टाकणार होतो, पण दातांच्या दवाखान्यातून एकदम पाच कवळ्यांची मापं आली, आणि त्यातली एक गाणाऱ्या माणसाची. त्याचा पंधरा तारखेला कार्यक्रम आहे आणि कवळी बसली की 'स' म्हणताना शिट्टी वाजते, अशी तक्रार. तीनदा घासून दिली. आता शिट्टी गेली, पण म्हणतो, आवाज माझा वाटत नाही. यावर मी काय करणार?

फोन उचलत नाही म्हणून तू रागावली आहेस. फोनमध्ये खरखर येते गं, समोरचा काय बोलतो ते कळत नाही. दुरुस्तीला टाकायचा आहे. तोवर पत्र बरं. पत्रात माणूस दोनदा विचार करून बोलतो.

इकडे सगळं ठीक. थंडी हटायला तयार नाही. मागच्या खोलीच्या खिडकीला पुठ्ठा लावलाय. त्या खोलीत मी फारसा जात नाही, सामान ठेवतो फक्त. झोपायला दुकानातच बरं पडतं, उठलं की समोर काम.

तू शेवटी एका ओळीत विचारलंयस, 'ढोल्या काय म्हणतोय?' त्या एका ओळीचंच उत्तर मोठं आहे.

ढोल्याचं खाणं तुला माहीत आहे. बाबांनी बारा वर्षं या कुत्र्याला शिजवलेलं काही दिलं नाही. सकाळी अंगणात लोखंडी थाळी, त्यात कोंबडीच्या माना, मांस असलेली हाडं, कलेजीचा तुकडा, सगळं कच्चं. शेजारी नाकं मुरडायचे, तर बाबा म्हणायचे, "शिजवून माणसं खातात, कारण माणसांचे दात फुसके." बाबांनंतर मीही तेच चालू ठेवलं. खाटकाकडे जायचं, पिशवी आणायची, थाळीत ओतायची आणि आत येऊन कामाला बसायचं. आतून आवाज यायचा, कडाड, कडाड. त्या आवाजावर मी प्लास्टर कालवायचो.

पंधरा दिवसांपूर्वी लक्षात आलं की आवाजच येत नाही. थाळी मात्र रिकामी.

बाहेर जाऊन पाहिलं तर हा कोंबडीची मान उचलतो, डोकं वर करतो आणि गटकन गिळतो. चावणं नावाला नाही. त्याला दुकानात आणला, कामाच्या दिव्याखाली बसवला आणि जबडा उघडला. ताई, तीस वर्षं मी तोंडं बघतोय, पण इतके झिजलेले दात मी पाहिले नव्हते. पुढचे हिरडीच्या बरोबरीला आले आहेत. सुळे म्हणजे वापरून संपलेल्या पेन्सिली. मागच्या दाढा वरून सपाट, आणि वरची डावी मोठी दाढ उभी चिरलेली. जन्मभर नदीकाठचे दगड तोंडात धरून आणले ना त्याने, बाबांच्या पायाशी टाकायला. त्या दगडांनीच खाल्ले त्याचे दात.

मागच्या सोमवारी एक मान घशाशी अडकल्यासारखी झाली. अडकली नाही. खोकला, बाहेर टाकली, हुंगली आणि पुन्हा खाल्ली. म्हणजे काहीच झालं नाही. मी त्या दिवशी दुकान उघडलं नाही, एवढंच.

मंगळवारी त्याला प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेला. नव्या आहेत, वयाने लहान, पण हाताला घाई नाही. ढोल्याने त्यांना तोंड उघडून दिलं, वर शेपूट हलवली. लबाड आहे, बायकांसमोर शहाण्यासारखा वागतो.

मी विचारलं, "कच्चं बंद करायचं का?"

"बारा वर्षं मानवलंय ना? मग लगेच बंद करायची गरज नाही. पण चावायचं काम तो करत होता, ते आता तुम्ही करायचं. हाड एकही द्यायचं नाही, मानासुद्धा नाहीत. सगळ्याचा खिमा करून घ्या."

"हाडाशिवाय चालेल?"

"हाडातून मिळायचं ते दुसरीकडून द्यायला लागेल. अंड्याची टरफलं धुऊन, वाळवून, अगदी पिठासारखी दळा. अर्धा किलो खिम्याला एक सपाट छोटा चमचा. कलेजी थोडीच, दहा घासांत अर्धा घास म्हणा. आणि एका दिवसात बदलू नका, आठवडाभर हळूहळू बदला, नाहीतर पोट बिघडेल. हावरट आहे, तेव्हा वाडग्यात नको, पसरट ताटात पसरून द्या म्हणजे चाटत बसेल."

मग म्हणाल्या, खिमा लवकर नासतो, एकेका वेळचा बांधून बर्फाच्या कप्प्यात ठेवा, बाहेर ठेवून वितळवू नका, हात नि भांडी गरम पाण्याने धुवा. "घरात कुणी म्हातारं, आजारी आहे का? कच्च्या मांसाचं त्यांच्यासाठी फार जपावं लागतं."

"नाही," मी म्हटलं. "आता कुणी नाही."

चिरलेली दाढ काढावी लागेल म्हणतात. पण वय तेरा, भूल द्यायची म्हणजे आधी रक्त तपासायचं, हृदय बघायचं. बघू.

खाटकाकडे गेलो. म्हटलं, आजपासून खिमा, आणि यंत्रातून दोनदा काढ. कारण सांगितलं तर सुरी खाली ठेवून हसायला लागला. "काय दातवाले, जगाला कवळ्या लावता आणि घरच्याला एक करून देता येत नाही?"

तो ढोल्याबद्दलच बोलत होता. मीही हसलो.

चल, थांबतो. तू बाबांबद्दल जे लिहिलंयस, त्यावर पुढे कधीतरी. रात्रपाळ्या कमी घे, तुझ्या गुडघ्यांचं वय ढोल्याएवढंच आहे.

तुझा,
धाकटा


२ मार्च, रविवार

प्रिय ताई,

तुझं पत्र आलं त्याला दहा दिवस झाले. रोज उत्तर लिहायला बसतो आणि रोज एखादी कवळी हातात घेतो.

तू नर्सबाईसारखे सगळे प्रश्न विचारलेस, मान केवढी होती, किती वेळ खोकला, जिभेचा रंग कसा होता. मान बोटभर होती, दोनदाच खोकला, जीभ गुलाबी होती. पण त्यानंतर तू लिहिलंस, 'बाबांना सात महिने चमच्या-चमच्याने भरवलंस, एकदा ठसका लागू दिला नाहीस. ढोल्याचं तर तू सहज करशील.' हे वाक्य मी वाचलं आणि पत्र घडी करून प्लास्टरच्या डब्याखाली ठेवलं. आज बाहेर काढलंय.

आधी ढोल्याचं सांगतो.

डॉक्टरीणबाईंनी खिमा सांगितला होता. मी खाटकाकडून दोनदा काढून आणायचो आणि घरी पुन्हा वाटायचो. मग त्यातही एक पांढरी शीर दिसली. म्हणून पाणी घालून पातळ केला आणि नवीन चाळणी आणून गाळला. उरलेला लगदा टाकून द्यायचो. वर जे पाणी राहायचं ते कोमट करून चमच्याने द्यायचो. एक चमचा दिला की त्याच्या गळ्यावर बोटं ठेवायची, खाली उतरलं असं वाटलं की दुसरा. एका जेवणाला पाऊण तास लागायचा. पुढे पुढे तो चमचा पाहिला की मान फिरवून भिंतीकडे तोंड करून बसायला लागला. मला वाटलं, भूक गेली. दाढ दुखत असेल. आतून काही आजार असेल. मला घाम फुटायचा, ताई.  

तीन आठवड्यांत तो बावीस किलोवरून साडेएकोणीसवर आला. बरगड्या मोजता यायला लागल्या. नाव ढोल्या आणि अंगावर नुसतं कातडं.

डॉक्टरीणबाईंनी वजन दोनदा केलं. मग मला बाकावर बसवलं. "नक्की काय देता, सांगा."

सांगितलं.

"गाळून?"

"हो."

"अहो, कुत्रा आजारी नाही. कुत्रा उपाशी आहे." त्या रागावल्या नव्हत्या, त्याने जास्तच वाईट वाटलं. "झिजलेले असले तरी थोडे दात आहेत त्याला, जीभ आहे, घसा धड आहे. नुसता खिमा तो आरामात खाईल. तुम्हाला एवढी भीती कशाची वाटते?"

मी म्हटलं, "अडकेल."

"मागे कधी अडकलंय का?"

मी ढोल्याचा पट्टा गुंडाळत बसलो. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

हे बुधवारचं. शुक्रवारी दुपारी मी त्याला फिरायला नेला. खानावळीच्या मागच्या गल्लीतून चाललो होतो. तिथे उष्ट्याचं खोकं उलटं झालेलं होतं. पोटात आग पडलेलं जनावर, मी पट्टा ओढेपर्यंत त्याने भाजलेल्या कोंबडीचं हाड उचललं होतं. शिजवलेलं हाड, ताई. कच्चं वाकतं, शिजवलेलं टोकदार फुटतं, एवढं मलाही माहीत आहे. त्याने मान वर केली, गिळायला गेला आणि थांबला.

आवाज नाही. खोकला नाही. तोंड उघडं, पुढचे पाय पसरलेले, डोळे माझ्याकडे.

आणि मी उभा राहिलो.

मला पुढे जायचं होतं. पाय उचलत नव्हते. पट्टा माझ्या हातात, तो चार पावलांवर, आणि मी बघत उभा. किती वेळ ते सांगता येत नाही. खानावळीत भांडी घासणारी बाई दारात आली आणि ओरडली, "अहो, मेलं की ते! करा ना काहीतरी! पुतळ्यासारखे काय उभे!"

तिच्या ओरडण्याने पाय सुटले. गुडघ्यांवर बसलो, डाव्या हाताने वरचा जबडा धरला आणि उजव्या हाताची दोन बोटं जिभेवरून आत घातली. जीभ कुठे संपते, घसा कुठे सुरू होतो हे या बोटांना पाठ आहे. हाड आडवं बसलं होतं. आधी तिरपं केलं, मग ओढलं. त्याने जबडा आवळला. चावला म्हणवत नाही, चावायला आहे काय त्याच्याकडे! पण त्या चिरलेल्या दाढेने बोट फाटलं. हाड बाहेर आलं. त्याने एक श्वास घेतला, बिजागरी करकरावी तसा. मग दुसरा. मग माझ्याच बोटाचं रक्त चाटायला लागला.

मी गल्लीत फतकल मारून बसलो आणि रडलो. ती बाई पाणी घेऊन आली, म्हणाली, "वाचलं ना? मग आता कशाला रडता?"

तिला नाही सांगितलं. तुला सांगतो.

बाबा झोपेत गेले नाहीत.

आता इथून पुढे थांबलो तर पुन्हा लिहिणार नाही, म्हणून सलग लिहितो.

त्या दिवशी रविवार होता. सकाळपासून बाबा म्हणत होते, "सात महिने झाले पोरा, लहान मुलाची पेज खातोय. मला एकदा माणसासारखं खाऊ दे." अर्धांगवायूनंतर त्यांचं बोलणं कसं झालं होतं तुला माहीत आहे, पण हे वाक्य स्पष्ट आलं. तू सांगून गेली होतीस, सगळं वाटून, दाटसर करून, बसवून, अर्धा चमचा, आणि समोरून हलायचं नाही. मला सगळं पाठ होतं. तरी मी खानावळीतून भाजलेली तंगडी आणली. नखाएवढे तुकडे केले. त्यांना खुर्चीत ताठ बसवलं. कवळी लावली.

कवळीचंही सांगतो. आजारपणात ते वाळले तशी हिरडी बसली होती आणि कवळी तोंडात हलायची. आतून एक थर दिला की घट्ट झाली असती. दीड तासाचं काम. परक्यांच्या कवळ्या वेळेवर द्यायच्या म्हणून बाबांचं काम दोन महिने पुढे ढकलत होतो. मी, दातवाला.

दोन घास मी भरवले. ते नीट गेले. मग पुढे दुकानात फोन वाजला.

तुझा होता.

तू विचारलंस, "जेवतायत का?" मी म्हटलं, "हो, आत्ताच भरवतोय, नेहमीचं वाटलेलंच." तू मला नव्या वॉर्डाबद्दल सांगायला लागलीस, त्या तुझ्या कडक मुख्य बाईंची नक्कल केलीस. मी हसलो. लवकर ठेवला तर तुला संशय येईल म्हणून घाई केली नाही. मध्येच तू विचारलंस, "ढोल्या एवढा का भुंकतोय रे?"

मी म्हटलं, "मांजर असेल."

अकरा मिनिटं, ताई. फोनवर दिसतात.

मागे गेलो तेव्हा ताटली त्यांच्या मांडीवर होती. उरलेले तुकडे त्यांनी चांगल्या हाताने स्वतः घेतले होते. कवळी निसटून छातीवर पडली होती. ढोल्या खुर्चीसमोर उभा, भुंकून भुंकून घसा बसलेला. आणि मी दारात उभा राहिलो. शुक्रवारी गल्लीत उभा राहिलो तसाच. बोटं घातली नाहीत. पाठीत थापट मारली नाही. मी दारात किती वेळ होतो, आणि तेव्हा ते गेलेले होते की अजून काही होतं, हे मला माहीत नाही. हेच मला माहीत नाही. रोज सकाळी उठलो की पहिलं हेच येतं.

मग मी त्यांचं तोंड पुसलं, ताटली धुतली, त्यांना पलंगावर निजवलं आणि डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी विचारलं, "झोपेत गेले वाटतं?" मी म्हटलं, "हो." तेच पुढे तुला सांगितलं. तू आलीस ते दोन दिवस मी दुकानात काम आहे म्हणून बसून राहिलो ते याचसाठी. फोन खरखरत नाही. धड आहे. वाजला की मला ढोल्याचं भुंकणं ऐकू येतं.

सांगितलं नाही कारण तू मला टाकशील ही भीती. आणि सांगितलं तर तुझ्या फोनचं ओझं तुझ्यावर येईल ही दुसरी. दुसरी भीती चांगुलपणाची दिसते म्हणून इतके महिने मी तिच्याआड लपलो. खरी पहिलीच.

ढोल्या आता नुसता खिमा खातोय, न गाळता. मी समोर बसतो. अजून घाम येतो.

तुझा भाऊ,
अजून म्हणणार असशील तर


२४ मार्च, सोमवार

प्रिय ताई,

हे पत्र मी डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यातल्या बाकावर सुरू केलंय. ढोल्या आत आहे. रक्त ठीक आलं, हृदय वयाच्या मानाने बरं म्हणाल्या, म्हणून भूल द्यायचं ठरलं. कागदावर सही केली तेव्हा सही माझी वाटेना. समोर एक आजोबा पिंजऱ्यात पोपट घेऊन बसलेत. पोपट सारखा 'कोण आलंय?' विचारतोय आणि दर वेळी मी दाराकडे बघतोय.

तू गुरुवारी न कळवता आलीस, त्याबद्दल लिहायचं आहे. तू होतीस तोवर मी फक्त विचारल्याला उत्तरं देत होतो.

दार उघडलं आणि तुला पाहिलं, तेव्हा मला वाटलं, मारणार. तू आत आलीस, पिशवी ठेवलीस, हात धुतलेस आणि मागच्या खोलीत गेलीस. ती खुर्ची मी भिंतीकडे तोंड करून ठेवली होती. तू ती सरळ केलीस आणि तिच्यात बसलीस. मग विचारत गेलीस. ओठ कसे होते? हात गरम होते की गार? नखं? डोळे? मी सांगत गेलो. ओठ निळे. हात गरम. तू डोळे मिटलेस आणि म्हणालीस, "गरम म्हणजे फार वेळ झाला नव्हता." तू मला खोटा दिलासा दिला नाहीस. दिला असतास तर तो मी पकडून बसलो असतो आणि तुझं दुसरं काहीच खरं मानलं नसतं.

"तुला एक थोबाडीत द्यावीशी वाटतेय," तू म्हणालीस.

मी म्हटलं, "दे."

"नको. तुला बरं वाटेल."

मग तू एकदम रडायला लागलीस. "मला ऐकू येत होतं रे ते भुंकणं. मी नर्स आहे. कुत्रं तसं मांजरावर भुंकत नाही, हे मला कळायला हवं होतं. मी विचारलं आणि नकला करत बसले." ज्याची मला इतके महिने भीती होती ते माझ्यासमोर झालं, आणि मी पुन्हा दारात उभाच होतो. पण या वेळी आत आलो. तुझ्या शेजारी जमिनीवर बसलो. बाकी काही केलं नाही. तू माझ्याकडे पाहिलंस की नाही ते मला दिसलं नाही, मी खाली बघत होतो.

मग तू ढोल्याचं ताट मागितलंस. माझा खिमा बघून म्हणालीस, "अजून पातळच करतोस." पाणी ओतून टाकलंस, टरफलाची पूड मोजून घातलीस आणि खिमा ताटभर बोटांनी थापलास. त्याने ताट साफ केलं, वर ताट ढकलत ढकलत दुकानापर्यंत आणलं. तू त्या वेळी हसली नाहीस, पण नाक ओढलंस.

(इथे मला आत बोलावलं. पुढचं घरी आल्यावर लिहितोय.)

दोन दाढा काढल्या. चिरलेलीच्या मागचीही मुळातून सडली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कित्येक महिने दुखत असणार त्याला, बोलला नाही. मध्ये एकदा श्वास मंदावला होता, मग सुधारला. हे त्यांनी शेवटी सांगितलं, बरं केलं. बाहेर आणला तेव्हा जीभ एका बाजूला लोंबत होती आणि तो माझ्याकडे बघत होता की माझ्या मागच्या भिंतीकडे, कळत नव्हतं. मी त्याला उचलून घरी आणला. आठ दिवस अगदी मऊ, मग जखम भरली की पुन्हा नेहमीचा खिमा. वजन साडेवीस झालंय. डॉक्टरीणबाईंनी ते कागदावर लिहून त्याभोवती गोल केला.

संध्याकाळी पहिला घास दिला. कोमट, मऊ, बोटावर घेऊन. मला फार भीती वाटत होती. भीती गेलेली नाही ताई, तू आलीस म्हणून जाईल असं मला वाटलं होतं, तशी काही गेली नाही. त्याने बोट चाटलं, गिळलं आणि दुसऱ्यासाठी थांबला. मी दुसरा दिला. तुझी आठवण आली. मग तिसरा दिला.

आता ज्यासाठी हे पत्र आहे ते लिहितो.

आपण बसस्टॉपवर उभे होतो. बस वळणावर दिसली तेव्हा विचारलंस, "आवडली का रे त्यांना?" मला कळलं तू कशाबद्दल विचारतेस. तोंड उघडलं, पण आवाजच आला नाही. तू वाट पाहिलीस. दोन माणसं तुझ्या पुढून चढली तरी पाहिलीस. मग चढलीस. तुला वाटलं असेल, उत्तर वाईट आहे म्हणून हा गप्प आहे.

तसं नाही. ऐक.

पहिला तुकडा मी त्यांच्या चांगल्या बाजूला ठेवला. त्यांनी तोंड मिटलं आणि डोळे मिटले. जबडा हलला नाही, नुसता धरून ठेवला. मी घाबरून म्हटलं, "बाबा, चावा." त्यांनी चांगला हात वर केला, आपण लहानपणी बडबड करायला लागलो की करायचे तसा. गप बस. मग हळूहळू चावलं. गिळलं. मी गळ्याकडेच बघत होतो. डोळे उघडून मला म्हणाले, "मीठ कमी आहे."

मी म्हटलं, "खानावळवाल्याला सांगतो."

"सांग. म्हणावं, घाबरत घाबरत घालू नको." आणि त्यांना हसू आलं. अर्धंच तोंड हसलं, पण ते हसू त्यांचंच होतं. सात महिने मी चमचा पुढे करायचो आणि ते ओठ घट्ट मिटून घ्यायचे, दर घासाला मिनतवारी. त्या दिवशी दुसऱ्या घासाला त्यांनी आपणहून तोंड उघडलं. मोठ्ठं. मी तुकडा उचलायच्या आधीच.

हो, ताई. आवडली.

हवं तितकं रागाव. पण ये.

तुझा,
धाकटा